टपालातलं बंद पाकीट सरकार कधी उघडू शकतं?

पत्र पेटीत टाकलं की ते आपल्या हातातून गेलेलं असतं आणि ज्याला पाठवलं त्याच्या हाती अजून पडलेलं नसतं. मधले दोन-चार दिवस ते टपाल खात्याच्या, म्हणजे सरकारच्याच ताब्यात असतं. घरात ठेवलेला कागद पोलिसांना हवा असेल तर त्यांना दाराशी यावं लागतं, झडतीची कारणं नोंदवावी लागतात, पंचांसमोर पंचनामा करावा लागतो. तोच कागद पाकिटात घालून पोस्टात टाकला की दार वाजवायची गरजच उरत नाही. म्हणून या मधल्या दिवसांत पाकिटाला कायद्याचं संरक्षण किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. घरातल्या कागदाचं रक्षण निदान कडी-कुलूप तरी करतं, टपालातल्या कागदाचं रक्षण फक्त कायदाच करू शकतो.

थेट उत्तर असं, की भारतात आज केंद्र सरकारने अधिकार दिलेला अधिकारी टपालातली कुठलीही वस्तू अडवू शकतो, उघडू शकतो आणि ठेवून घेऊ शकतो. त्यासाठी त्याला न्यायाधीशाकडे जावं लागत नाही, वॉरंट काढावं लागत नाही. हा अधिकार पोस्ट ऑफिस कायदा, २०२३ च्या कलम ९ मध्ये आहे आणि तो १८ जून २०२४ पासून लागू आहे. तो कुठून आला, त्यात काय लिहिलंय, आणि मुख्य म्हणजे काय लिहिलेलं नाही, हे नीट पाहायला हवं.

आधी दोन साध्या गोष्टी बाजूला काढू. पत्ता चुकलाय, घेणारा सापडत नाही आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचाही पत्ता नाही, असं पत्र परतपत्र कार्यालयात जातं. पोस्टातली माणसं त्याला आरएलओ म्हणतात. पाठवणाऱ्याचा पत्ता आत कुठे सापडतो का, एवढं बघण्यासाठी तिथला नेमलेला कर्मचारी ते फोडतो. दुसरी गोष्ट परदेशी टपालाची. बाहेरून येणाऱ्या पार्सलांत शुल्क लागणारा किंवा बंदी असलेला माल आहे का, हे सीमाशुल्क विभाग तपासतो. या दोन्हींबद्दल फारशी तक्रार करण्यासारखं काही नाही. इथे विषय आहे तो आतला मजकूर सरकारला वाचायचा असतो तेव्हाचा.

वॉरंट नेमकं काय करतं

वॉरंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलिसांच्या हातातला कागद येतो. खरं काम मात्र तो कागद निघण्याआधीच झालेलं असतं. तपास करणाऱ्याला एखाद्यावर संशय असतो आणि त्याला घाई असते. त्याची नोकरीच संशय घेण्याची आहे, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. पण संशय घेणारा आणि त्या संशयावर निर्णय देणारा एकच असेल तर उत्तर ठरलेलं असतं. वॉरंटच्या पद्धतीत तपास करणाऱ्याला आपला संशय दुसऱ्या एका माणसासमोर मांडावा लागतो, ज्याला त्या तपासात यश मिळवायचं नाही. कुणाचं पाकीट, कुठल्या गुन्ह्यासाठी, कशाच्या आधारावर, हे सांगावं लागतं. तो माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. आणि हे सगळं लिहिलेलं असल्यामुळे पुढे कधी प्रकरण कोर्टात गेलं तर त्या दिवशी कारण खरंच होतं का, हे तपासता येतं.

आपल्या कायद्याला ही पद्धत परकी नाही, आणि ती फक्त घराच्या झडतीपुरतीही नाही. टपालासाठीसुद्धा ती आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९५ बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ९२ होतं.

समजा, बनावट खरेदीखतांच्या एका प्रकरणात आरोपी मूळ कागद स्पीड पोस्टाने दुसऱ्या शहरात पाठवतोय, अशी खबर तपास अधिकाऱ्याला लागली. तो पोस्टात जाऊन ‘पाकीट द्या’ म्हणू शकत नाही. साध्या समन्सनेही ते मागवता येत नाही, कारण टपाल खात्याच्या ताब्यातली पत्रं त्या तरतुदीतून मुद्दाम वगळली आहेत. पाकीट तपासासाठी हवं आहे, असं जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांपैकी कुणाला तरी वाटलं पाहिजे, तरच टपाल खात्याने ते द्यायचं. मग तोवर पाकीट निसटून गेलं तर? त्याचाही विचार कायद्याने केला आहे. पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त टपाल खात्याला सांगू शकतात, की हे पाकीट शोधा आणि आदेश येईपर्यंत अडवून ठेवा. पण त्या वेळी पोलिसांना पाकीट नुसतं थांबवता येतं, त्यांच्या हाती ते दिलं जात नाही.

मला ही रचना फार विचारी वाटते. घाईची गरजही भागते आणि पाकिटाचा चिकटवलेला भागही शाबूत राहतो. तिच्यात एक उणीव आहे, ती सांगायला हवी. यादीतला जिल्हा दंडाधिकारी म्हणजे आपला जिल्हाधिकारीच, तो न्यायाधीश नसून प्रशासनाचा माणूस असतो. तरीसुद्धा तपास करणारा आणि मंजुरी देणारा वेगळे राहतात, आणि कागदावर नोंद राहते.

१८९८ सालचे लागोपाठचे कायदे

एवढी नीट वाट असताना तिच्या शेजारीच दुसरी वाट कशी निघाली, हे समजण्यासाठी १८९८ सालात जावं लागतं.

त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात काय झालं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. प्लेगच्या बंदोबस्तातली जुलूमशाही, २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी केलेला रँडचा वध, आणि सप्टेंबरमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली झालेली दीड वर्षाची सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी सरकारने कायद्यांची फळी उभी केली. १८९८ च्या चौथ्या कायद्याने दंड संहितेतलं राजद्रोहाचं कलम आणखी रुंद केलं. पाचवा कायदा म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, ज्यात टपालातल्या पत्रासाठी दंडाधिकाऱ्याची वर सांगितलेली वाट होती. आणि सहावा कायदा भारतीय पोस्ट ऑफिस कायदा. त्याच्या कलम २६ ने दंडाधिकाऱ्याला पूर्णपणे वगळणारी वाट काढली.

सार्वजनिक आणीबाणी उद्भवली, किंवा सार्वजनिक सुरक्षितता वा शांततेसाठी गरज वाटली, तर सरकारने किंवा त्याने खास नेमलेल्या अधिकाऱ्याने लेखी आदेश काढून टपालातली एखादी वस्तू, किंवा एका प्रकारच्या सगळ्याच वस्तू, अडवाव्यात, ठेवून घ्याव्यात किंवा सांगेल तशी त्यांची विल्हेवाट लावावी, असं ते कलम म्हणत होतं. यापुढचं पोटकलम तर वाचवत नाही. आणीबाणी खरोखर होती का, अशी शंका निघाली तर सरकारने दिलेला दाखला हाच निर्णायक पुरावा मानायचा. म्हणजे कारण आहे की नाही हेही सरकारच ठरवणार, आणि त्यावर कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही.

परक्या राज्यकर्त्यांनी जिंकलेल्या मुलखासाठी केलेला हा कायदा होता. खुद्द त्यांच्या देशात या प्रश्नावर त्याआधी अर्धं शतक मोठं वादळ होऊन गेलं होतं. १८४४ साली लंडनमध्ये आश्रयाला राहिलेल्या जोसेफ मॅझिनी या इटालियन क्रांतिकारकाला संशय आला, की आपली पत्रं कुणीतरी वाचतं. त्याने मित्रांना पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस घालून पत्रं पाठवायला सांगितलं. पत्रं व्यवस्थित बंद होऊन आली, पण दाणे गायब होते. प्रकरण पार्लमेंटमध्ये गेलं, आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या सहीने पत्रं उघडली जात होती हे बाहेर आलं. देशभर संताप उसळला, चौकशी समित्या बसल्या, आणि पोस्टातली पत्रं फोडणारी गुप्त कचेरी बंद करावी लागली. पण गृहमंत्र्याच्या सहीचा तो अधिकार तसाच राहिला. सहीवर न्यायिक आयुक्ताचीही मान्यता हवी, ही अट ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने आली.

घटना समितीत काय झालं

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नाचा निकाल लावायची संधी आली होती. मार्च १९४७ मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे मसुदा ठेवला. त्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क स्पष्ट शब्दांत होता. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या निवेदनात माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना गैरवाजवी झडतीपासून संरक्षण, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट न काढण्याची अट होती. उपसमितीने हे बहुतांशी मान्यही केलं. मग घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव आणि सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी हरकत घेतली. पोलिसांच्या तपासाला अडथळा होईल, पत्रव्यवहाराच्या गुप्ततेमुळे दिवाणी दाव्यांतही पुरावा म्हणून पत्रं मिळणं कठीण होईल, असं त्यांचं म्हणणं. ही कलमं सल्लागार समितीत गळाली.

डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी पुन्हा प्रयत्न केला. गैरवाजवी झडती-जप्तीविरुद्धची दुरुस्ती त्यांनी सभागृहात मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला पाठिंबा दिला. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर, घटनेत असणं चांगलं, असा त्यांचा युक्तिवाद होता. मतदान पुढे ढकललं गेलं आणि शेवटी दुरुस्ती फेटाळली गेली.

डॉ. आंबेडकरांना जी भीती होती ती पुढे तंतोतंत खरी ठरली. साध्या कायद्यातलं संरक्षण साध्या कायद्यानेच बाजूला सारता येतं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी एम. पी. शर्मा खटल्यात म्हटलं, की अमेरिकेसारखी झडतीविरुद्धची तरतूद आपल्या घटनाकारांनी घेतलेली नाही, तेव्हा ती आम्ही ओढूनताणून आणू शकत नाही. हा अडसर दूर व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा खासगीपणाच्या हक्कावरचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल यावा लागला.

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे तर थोडं तिथलं. बंद पत्राला घरातल्या कागदांइतकंच संरक्षण आहे आणि ते उघडायला वॉरंट लागतं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ सालीच सांगितलं. असं असूनही सीआयएने १९७३ पर्यंतच्या सुमारे वीस वर्षांत न्यूयॉर्कमधून जाणारी दोन लाखांहून जास्त पत्रं वॉरंटशिवाय फोडली. ते बेकायदेशीर होतं, म्हणूनच १९७५ च्या सुमारास सिनेटच्या समितीला त्याची उलटतपासणी करता आली. कायदा मोडला गेला, हे म्हणायला आधी तो कायदा असावा लागतो. आपल्याकडे असं काही झालं तर बोट ठेवायला तेवढीही जागा नाही.

झैलसिंग यांनी न केलेली सही

१९६८ साली विधी आयोगाने आपल्या अडतिसाव्या अहवालात कलम २६ वर बोट ठेवलं. ‘आणीबाणी’ची व्याख्याच नाही, त्यामुळे अधिकार फार मोठा होतो. आणि ती आणीबाणी राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा घटनेतल्या कारणांना धक्का लावत नसेल, तर तेवढ्यावर पत्र अडवणं घटनेत बसत नाही, असं आयोगाने सांगितलं.

राजीव गांधींच्या सरकारने १९८६ साली दुरुस्ती विधेयक आणलं. आम्ही कलम घटनेतल्या कारणांशी जुळवून घेतोय, असं सरकार म्हणत होतं. पण जुनी मोघम कारणं कायम ठेवून नवी कारणं त्यात घातली गेली, त्यामुळे यादी लांबली. दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं आणि डिसेंबरात ते राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्याकडे गेलं. वर्तमानपत्रांनी आणि विरोधकांनी रान उठवलं होतं. झैलसिंग आणि राजीव गांधी यांचे संबंधही तोवर विकोपाला गेले होते.

राष्ट्रपतींनी सही केली नाही, आणि विधेयक परतही पाठवलं नाही. परत पाठवलं असतं आणि संसदेने पुन्हा मंजूर केलं असतं, तर सही करणं त्यांना भाग पडलं असतं. पण अनुच्छेद १११ मध्ये किती दिवसांत निर्णय घ्यायचा याची मुदत दिलेली नाही. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि जुलै १९८७ मध्ये ते निवृत्त झाले. भारताच्या इतिहासात ‘पॉकेट व्हेटो’ म्हटलं की हेच उदाहरण दिलं जातं. पुढचे राष्ट्रपती आर. व्यंकटरमण यांनी १९९० मध्ये ते फेरविचारासाठी परत पाठवलं, आणि २००२ मध्ये वाजपेयी सरकारने ते मागे घेतलं.

या गोष्टीचं कौतुक करताना एक बाब निसटते. झैलसिंग यांच्यामुळे नवं कलम थांबलं, पण १८९८ चं कलम २६ जिथल्या तिथेच राहिलं, निर्णायक दाखल्यासकट. ते गेलं २०२४ मध्ये.

नवं कलम ९, शब्दागणिक

आता आजचा कायदा. केंद्र सरकार अधिसूचनेने कुठल्याही अधिकाऱ्याला अधिकार देऊ शकतं, की त्याने टपालातली वस्तू अडवावी, उघडावी किंवा ठेवून घ्यावी. कारणं अशी: राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता, ‘किंवा’ या कायद्याच्या अथवा त्या वेळी लागू असलेल्या दुसऱ्या कुठल्याही कायद्याच्या तरतुदीचा भंग.

जुन्याच्या तुलनेत दोन गोष्टी सुधारल्या. निर्णायक दाखल्याचं पोटकलम गेलं, आणि राज्य सरकारांचा अधिकार जाऊन तो फक्त केंद्राकडे राहिला. बाकी जे बदललं त्याची मला काळजी वाटते.

जुन्या कलमात ‘लेखी आदेशाने’ असे शब्द होते. इंग्रजांच्या कायद्यात होते. नव्या कलमात ते नाहीत. अधिसूचना काढायची ती अधिकारी नेमण्यासाठी. एकदा नेमणूक झाली की प्रत्येक पाकिटासाठी वेगळा लेखी आदेश काढायची अट कलमात नाही. जुन्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी’ होती, नव्यात नुसती ‘आणीबाणी’ आहे, आणि व्याख्या अजूनही नाही. ‘उघडणे’ हा शब्द जुन्या कलमात नव्हता, आता तो स्पष्ट लिहिला आहे.

शेवटचं कारण सगळ्यांत मोठं. ‘कुठल्याही कायद्याचा भंग’ यात देशद्रोहापासून शॉप ॲक्टपर्यंत सगळं येतं. आधी वर्णन केलेलं बनावट खरेदीखतांचं प्रकरण आठवा. संहितेच्या कलम ९५ ने त्यासाठी दंडाधिकाऱ्यासमोर जायला सांगितलं आहे. कलम ९ म्हणतं, कायदा मोडलाय ना, मग नेमलेला अधिकारी पुरे. एकाच गुन्ह्यासाठी दोन वाटा असतील, एकीवर दुसऱ्या माणसाला पटवून द्यावं लागत असेल आणि दुसरीवर कुणालाच काही सांगावं लागत नसेल, तर तपास करणारा कुठली धरेल?

फोनला आहे ते पत्राला नाही

टपालाच्या बाबतीत हे जमणारच नव्हतं, असं म्हणता येत नाही. कारण फोनच्या बाबतीत ते जमवलं आहे.

१८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला लगाम घातला. आधी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची सक्ती न्यायालयाने केली नाही, ही उणीव राहिलीच. पण आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवानेच काढायचा, तो दोन महिन्यांनी संपायचा, एकूण सहा महिन्यांपलीकडे न्यायचा नाही, आणि प्रत्येक आदेश आढावा समितीने तपासायचा, असे नियम घालून दिले. पुढे ते सरकारी नियमावलीतही आले.

याचा प्रत्यक्षात उपयोग काय होतो, हे मुंबईतल्या एका प्रकरणात दिसलं. सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपावरून सीबीआय तपास करत होती, आणि २००९-१० मध्ये केंद्रीय गृह खात्याने एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश काढले होते. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने विचारलं, की लाचेच्या या प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कुठे आहे? दोन्ही नव्हते. तिन्ही आदेश रद्द झाले, आणि बेकायदा टिपलेली संभाषणं नष्ट करायला सांगितलं गेलं.

या निकालामागे किती गोष्टी जागेवर असाव्या लागल्या ते पाहा. आदेश लेखी होते, म्हणून ते न्यायालयापुढे ठेवता आले. त्यावर तारीख होती, सही होती, कारण होतं. आणि ‘सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता’ हा उंबरठा ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आता तोच माणूस फोनऐवजी पत्र पाठवत होता असं धरा. कलम ९ खाली लेखी आदेशाची अट नाही, आणि उंबरठाही नाही, कारण लाच देणं म्हणजे ‘कायद्याचा भंग’ आहेच.

सगळ्यांत जास्त खटकतं ते पुढचं. २०२३ चा त्रेचाळिसावा कायदा म्हणजे पोस्ट ऑफिस कायदा, आणि चव्वेचाळिसावा म्हणजे दूरसंचार कायदा. दोन्ही एकाच अधिवेशनात मंजूर झाले, आणि दोन्हींवर राष्ट्रपतींची सही २४ डिसेंबर २०२३ ची. दूरसंचार कायद्याच्या कलम २० मध्ये आधी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची अट आहे, मग ठरावीक कारणं आहेत, ‘कारणं लेखी नोंदवून’ असे शब्द आहेत, आणि ‘विहित केलेली कार्यपद्धती व संरक्षक तरतुदी यांच्या अधीन राहून’ असेही शब्द आहेत. पोस्ट ऑफिस कायद्याच्या कलम ९ मध्ये यातलं काहीही नाही. एका कायद्यात जे शब्द सुचले ते शेजारच्या कायद्यात सुचले नसतील, यावर विश्वास बसत नाही.

हल्ली पत्रं पाठवतं कोण?

हा प्रश्न नेहमी येतो. गप्पांची पत्रं कमी झाली, हे खरं. पण पोस्टातून आज काय जातं ते पाहा: वकिलाच्या नोटिसा, कोर्टाचे समन्स, पासपोर्ट, एटीएम कार्डं, माहिती अधिकाराचे अर्ज आणि उत्तरं, तुरुंगातल्या माणसाची घरच्यांना लिहिलेली पत्रं, वरिष्ठांविरुद्धच्या निनावी तक्रारी, टपाली मतपत्रिका. ज्यांना फोनवर बोलायची भीती वाटते ती माणसं आजही कागदच वापरतात, आणि संरक्षणाची गरज नेमकी त्यांनाच जास्त असते. खासगी कुरिअरने पाठवलेल्या पाकिटाला हे कलम लागत नाही, कारण ते फक्त पोस्टामार्फत जाणाऱ्या वस्तूंसाठी आहे. सरकारवर विश्वास ठेवून सरकारी पोस्टात टाकलेल्या पाकिटाला कमी संरक्षण मिळावं, हे उफराटं आहे.

सरकारची बाजूही हलकी नाही. पार्सलातून अमली पदार्थ जातात, स्फोटकं जाऊ शकतात, आणि अशा वेळी परवानगीची वाट बघत बसणं परवडणारं नसतं. संशयास्पद पार्सल तिथल्या तिथे बाजूला काढता आलंच पाहिजे, यावर कुणाचं दुमत नाही. पण त्यासाठी आधी अडवा, मग चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत मंजुरी घ्या, अशी सोय करता येते. कलम ९५ मधल्या ‘शोधा आणि थांबवून ठेवा’ या तरतुदीत तिचं मूळ आहे. आणि घाईचं कारण पार्सलाला जितकं लागू पडतं तितकं दोन पानी पत्राला लागू पडत नाही.

पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात हात घालणाऱ्या सरकारसाठी कसोटी घालून दिली. कायदा हवा, रास्त हेतू हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. गैरवापर टाळण्याची प्रक्रिया हवी, हेही त्यात आलं. कलम ९ पहिली कसोटी पार करतं, काही कारणांपुरती दुसरीही. तिसरीवर ते टिकेल असं मला वाटत नाही. क्षुल्लक नियमभंगासाठीही पत्र उघडता येतं, तर प्रमाण राहिलं कुठे?

राहिला प्रश्न दाद मागण्याचा. १८९८ च्या कायद्यात टपाल कर्मचाऱ्याने कर्तव्याविरुद्ध जाऊन पत्र उघडलं तर दोन वर्षांपर्यंतची कैद होती. नव्या कायद्यात असा गुन्हाच नाही. उलट कलम १० सांगतं, की कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून नुकसान, विलंब वा चुकीचा बटवडा केला असेल तरच तो जबाबदार. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे, पण तिथे जायला आधी पत्र उघडलं गेल्याचं कळावं लागतं. कळवायची सक्ती कुणावरच नाही. जर्मनीत पत्रव्यवहाराची गुप्तता राज्यघटनेच्या दहाव्या अनुच्छेदात आहे, आणि गुप्तचर यंत्रणेने पाळत ठेवली असेल तर ती संपल्यावर, तपासाला धोका उरला नसेल तेव्हा, संबंधित माणसाला तसं कळवावं लागतं.

आपल्याकडे यातलं बरंचसं कायदा न बदलताही करता येईल, कारण या कायद्याखाली नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. प्रत्येक वस्तूसाठी लेखी आणि सकारण आदेश, त्यावर गृहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याची सही, ठरावीक मुदत, फोनसाठी आहे तशीच आढावा समिती, आणि तपास संपल्यावर पाठवणाऱ्याला व घेणाऱ्याला लेखी सूचना. दंडाधिकाऱ्याची मंजुरी मात्र नियमांनी आणता येणार नाही. त्यासाठी संसदेला कलम ९ मधले ‘कुठल्याही कायद्याचा भंग’ हे शब्द काढून ती प्रकरणं संहितेच्या कलम ९५ कडे वळवावी लागतील.